कंस करा, खोडू नका

मागच्या महिन्यात आमच्या पालिकेच्या सर्वसाधारण सभेत एका चौकाचे नाव बदलण्याचा ठराव आला. विषयपत्रिकेवर तो नव्हता. ऐनवेळच्या विषयांत घुसवला होता. शहराचे नाव मुद्दाम लिहीत नाही. जळगाव धरा, भुसावळ धरा, शहादा धरा, प्रसंग कुठेही खोटा वाटणार नाही. ठरावाची शाई वाळायच्या आत गावात दोन तट पडले. एक म्हणे, चारशे वर्षांचा इतिहास पुसला जातोय. दुसरा म्हणे, गुलामीची खूण आहे, ती पुसलीच पाहिजे. चहाच्या टपरीवर तिसरा पक्षही होता, तो प्रत्येक वादात असतो: नावे कसली बदलता, आधी खड्डे बुजवा. याला टाळ्या हमखास पडतात, पण नाव बदलले नाही म्हणून एखादा खड्डा बुजल्याचे मी अजून पाहिलेले नाही. खरी गंमत वेगळीच आहे. त्या चौकालगतच्या एका घराचा दावा माझ्याकडे चालू आहे. घराचे खरेदीखत १९५३ सालचे, आणि त्यात चौकाचे ते नावच नाही. म्हणजे एका तटाचा चारशे वर्षांचा इतिहास आणि दुसऱ्याची गुलामीची खूण, दोन्ही स्वातंत्र्यानंतर केव्हातरी पालिकेनेच दिलेले नाव निघाले. कोणत्या साली दिले, कोणी सुचवले, आधी काय होते, हे सांगणारा एक कागद कोणाला काढून देता येईना.

माझे आयुष्य दिवाणी कामांत गेले. चतुःसीमा वाचणे, मोजणीचे नकाशे पाहणे, सात-बाऱ्यावरून मागे मागे जाणे. सात-बाऱ्याची एक रीत मला या वादात सारखी आठवते. जमीन विकली गेली की जुन्या मालकाचे नाव खोडत नाहीत. त्याला कंस करतात, शेजारी फेरफाराचा नंबर घालतात, आणि गाव नमुना सहामध्ये त्या फेरफाराची हकीकत असते: कोणाकडून कोणाकडे, केव्हा, कशाच्या आधारे. तलाठ्याच्या नावाने बोटे सगळेच मोडतात, मीही मोडतो. पण ही रीत शहाणपणाची आहे. मालक बदलतो, तरी पन्नास वर्षांनी आलेल्या माणसाला आधीचा मालक सापडतो. दोन गुंठे कोरडवाहू जमिनीला जो मान आहे, तो भर शहरातल्या रस्त्याला नाही. म्हणून माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. रस्त्याचे नाव बदलायला माझी हरकत नाही. फेरफार न घालता बदलायला आहे. आणि भांडण जरी राजे-बादशहांच्या नावांवरून होत असले, तरी गुपचूप मरतात ती कष्टाची आणि व्यवहाराची नावे. त्यांच्यासाठी मोर्चा निघत नाही.

नामांतराच्या बाजूने जे बोलतात त्यांचे काही मुद्दे इतके भक्कम आहेत की त्यांना वळसा घालून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पहिला जातीच्या नावांचा. महारवाडा, मांगवाडा, चांभारवाडा ही नावे कागदोपत्री चालत राहिली आणि तिथल्या पोराला शाळेच्या दाखल्यापासून नोकरीच्या अर्जापर्यंत पत्त्यातच स्वतःची जात लिहावी लागली. राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये अशी नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. त्याला ‘इतिहास पुसला’ म्हणणाऱ्याने आधी त्या पत्त्यावर पाच वर्षे राहून दाखवावे. दुसरा मुद्दा असा की जुनी नावे तरी कोणाला विचारून दिली होती? जळगावातली जुनी माणसे पोलन पेठेचे नाव एका इंग्रज साहेबाशी जोडतात. साहेबाने काही रयतेची सभा बोलावली नसणार. सत्तेने लावलेली पाटी सत्ता गेल्यावर उतरली, तर रडायचे कशाला?

तिसरा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. ज्यांना गावाच्या वेशीत जागा नव्हती, त्यांच्यासाठी चौकातली पाटी ही नुसती पाटी नसते. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने १९७८ च्या जुलैत केला, आणि तो अमलात यायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. मधल्या साडेपंधरा वर्षांत घरे जळली, माणसे मारली गेली. इतके सगळे झाल्यावर ‘नावात काय आहे’ असे कोणी म्हणू लागला तर त्याला महाराष्ट्र कळलेला नाही. एखाद्या आदिवासी तरुणाला तालुक्याच्या मुख्य रस्त्यावर खाज्या नाईकाचे नाव हवेसे वाटले, तर ती त्याची हौस नव्हे. १८५७ च्या उठावात सातपुड्याच्या घाटांत कंपनी सरकारला भिडलेल्या भिल्लांचा तो वारस आहे आणि वारसाचा हक्क मागतो आहे.

हे सगळे मान्य. मग अडते कुठे?

अडते ते या समजुतीत, की पाटी बदलली म्हणजे नाव बदलले. खानदेशाइतका याचा चांगला दाखला दुसरा नसेल. १६०१ मध्ये अशीरगडचा किल्ला पडला, खानदेशच्या फारुकी सुलतानांचे राज्य बुडाले, आणि अकबराने या मुलखाचे नाव शहजादा दानियालवरून ‘दानदेश’ ठेवले. हुकूम साधासुधा नव्हता, हिंदुस्थानच्या बादशहाचा होता; दरबारी इतिहासकार अबुल फजलसारख्या माणसाने तो ग्रंथात नोंदवला, दप्तरात नाव चढले. पुढे काय झाले? दानियाल काही वर्षांतच बऱ्हाणपुरात दारूपायी मेला. बापाने पिण्यावर पहारे बसवले तेव्हा नोकरांनी बंदुकीच्या नळीतून दारू आणून दिली, असे खुद्द त्याचा भाऊ जहांगीर सांगतो. आणि दानदेश? ना कोणी विरोध केला, ना बंद पाळला. लोकांनी ते नाव फक्त तोंडात घेतले नाही. आज आपण खानदेशी भरीत खातो, खानदेशी मांडे खातो, दानदेशी काहीच खात नाही. बरे, ज्या ‘खान’वरून हे नाव पडल्याचे अबुल फजल सांगतो तो किताबही फारुकींना गुजरातच्या सुलतानाने दिलेला, म्हणजे ते नावही वरूनच आलेले. काहीजण ‘कान्हदेश’ अशी व्युत्पत्ती लावतात. लावोत बापडे. लोकांनी नाव धरून ठेवले ते व्युत्पत्ती तपासून नव्हे, तोंडात बसले म्हणून.

यावर कोणी म्हणेल, वकीलसाहेब, सोयीचाच दाखला काढलात. आमच्याच जिल्ह्यातले एदलाबाद कसे विसरलात? विसरलो नाही. एदलाबादचे मुक्ताईनगर झाले आणि ते टिकले. तालुका मुक्ताईनगर, एसटीची पाटी मुक्ताईनगर, विशीतल्या पोरांना एदलाबाद विचारले तर ती तेलंगणातले आदिलाबाद समजून बसतात. पण ते का टिकले हे नीट पाहिले पाहिजे. मेहूण-कोथळीचा तो तापीकाठ मुक्ताबाईच्या अंतर्धानाची जागा म्हणून वारकऱ्यांच्या मनात शेकडो वर्षे होताच. तिची पालखी तिथून पंढरपूरला पायी जाते. वाटेवरची बाई ‘मुक्ताईला जातो’ म्हणायची, सरकारने तिच्या तोंडचे कागदावर आणले. दानदेशात कागदावरचे लोकांच्या तोंडी घालायचे होते. दोन्हीला आपण नामांतरच म्हणतो, पण एकीकडे रोप होते तिथे आळे केले, दुसरीकडे खांब पुरून त्याला पाणी घातले. आणि मुक्ताईनगरच्या बाबतीतही माझी तक्रार शिल्लक आहेच: जुन्या खरेदीखतांत, जुन्या निकालपत्रांत एदलाबाद आहे, ते नाव कुठून आले, केव्हा गेले, हे गावात आलेल्या माणसाला सांगणारी एक ओळ तरी कुठे हवी की नको?

नाव रुजते ते जागेवर काही घडले असेल तर. नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजी पोलिसांनी मिरवणुकीतल्या पोरांवर गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता पंधरा वर्षांचा होता. लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्याम शहा हे त्याचे सोबती. माणिक चौकात त्यांचे स्मारक आहे. नंदुरबारकराला शिरीषकुमार कोण हे पाटी वाचून कळत नाही, जागा दाखवून कळते. मुंबईत फ्लोरा फाउंटनचा हुतात्मा चौक झाला तोही संयुक्त महाराष्ट्रासाठी तिथे रक्त सांडले म्हणून. आता याच शिरीषकुमारचे नाव उद्या कोणी दीडशे मैलांवरच्या एखाद्या नव्या कॉलनीच्या अंतर्गत रस्त्याला दिले, तर त्यात आदर असेल, इतिहास नसेल. आपल्या शहरांत दुसऱ्या प्रकारचीच भरती अधिक. राष्ट्रपुरुषांची एक ठरलेली यादी, ती जळगावला तीच, मालेगावला तीच, अकोल्यालाही तीच. रात्री डोळ्याला पट्टी बांधून एखाद्याला चौकात सोडले आणि पाटी वाचायला लावली, तर तो कोणत्या गावात आहे हे त्याला सांगता येईल का?

याउलट भुसावळ घ्या. रेल्वेने गाव वसवले आणि नावेही रेल्वेनेच दिली: पंधरा बंगला, लिंपस क्लब, आगवाली चाळ. रेल्वेच्या जुन्या बोलीत आगवाला म्हणजे वाफेच्या इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारा. वाफेची इंजिने गेली, ती माणसे गेली, त्यांच्या पगाराची पत्रके कुठल्या गोदामात सडली असतील. पण ‘आगवाली’ या एका शब्दात पूर्ण एक जमात जिवंत आहे. तिच्यावर इतिहासाच्या पुस्तकात दोन ओळी सापडणार नाहीत. धुळ्याला मोगलाई नावाचा भाग आहे; हा भाग कधीकाळी वेगळ्या अंमलाखाली होता याची आठवण ते नाव ठेवते, आणि शेजारच्या देवपूरला त्याचा कधी त्रास झालेला नाही. बाजारपेठेतला आग्रा रोड पाहा. महामार्ग बाहेरून गेला त्याला जमाना झाला, पण मुंबईहून आग्ऱ्याकडची वाहतूक एकेकाळी या दुकानांच्या मधून जात होती, आणि धुळ्याची बाजारपेठ इथेच का फुलली, हे त्या दोन शब्दांतच उलगडते. अशी नावे गौरवासाठी दिलेली नसतात, म्हणून ती बदलताना कोणाला अपमानही वाटत नाही. ना त्यांना जयंती, ना पुण्यतिथी. नामकरणाच्या ठरावात पहिला बळी जातो तो यांचाच, आणि मग दोन्ही तट अभिमानाने इतिहासावर भांडत बसतात.

धुळ्याचीच आणखी एक गोष्ट, कारण ती नोंद न ठेवण्याचा परिणाम दाखवते. धुळ्यातल्या गल्ल्यांना नावे नाहीत, नंबर आहेत. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच. रिक्षावाला ‘कथा जानं शे?’ विचारतो आणि तुम्ही आकडा सांगता. ही आखीव पेठ कोणाची? दहा धुळेकरांना विचारा, बरेचसे सर विश्वेश्वरय्यांचे नाव सांगतील. विश्वेश्वरय्या धुळ्यात खरेच होते, अभियंता म्हणून नोकरीच्या सुरुवातीलाच इकडे आले होते. पण त्यांचा जन्म १८६१ चा. खानदेश इंग्रजांच्या हाती आला १८१८ मध्ये, आणि धुळ्याला मुख्यालय करून सरळ रस्त्यांची नवी पेठ वसवली ती कॅप्टन जॉन ब्रिग्जने. १८८० च्या खानदेश गॅझेटिअरमध्ये नव्या धुळ्याचे वर्णन आहे. तेव्हा विश्वेश्वरय्या कॉलेजात शिकत होते. ब्रिग्जचा पुतळा उभारा असे मी म्हणत नाही. पण ज्या शहरात इतिहासाचार्य राजवाडे शेवटची वर्षे राहिले, १९२६ च्या अखेरीस वारले, ज्यांनी गावांच्या नावांतून वसाहतीचा इतिहास उकलायचा ध्यास घेतला आणि ज्यांचे दप्तर सांभाळायला तिथेच संशोधन मंडळ उभे राहिले, त्या शहराला स्वतःच्या गल्ल्यांची जन्मकथा ठाऊक नसावी? कागद नसला की जागा रिकामी राहत नाही. तिथे सर्वांत प्रसिद्ध माणूस येऊन बसतो.

मोठ्या माणसाचे नाव दिले की त्याचा मान वाढतो, हेही गृहीत धरू नका. आमचे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० चे. २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. आनंदच झाला, असोद्याची लेक, अक्षरओळख नसलेली, आणि विद्यापीठ तिच्या नावाचे, यापेक्षा सुंदर न्याय कोणता? पण वर्तमानपत्राच्या मथळ्यात ती आज कशी दिसते? ‘कबचौउमवि’. बहिणाबाईचा ‘ब’ तेवढा उरला. मुंबईच्या टर्मिनसचे १९९६ मध्ये सीएसटी झाले आणि २०१७ मध्ये महाराज शब्द जोडल्यावर सीएसएमटी. महाराजांच्या वाट्याला एक ‘एम’ आला. जळगावातला शास्त्री टॉवर लोकांच्या तोंडी नुसता टॉवर आहे, लालबहादूर शास्त्री त्यातून केव्हाच उतरून गेले. दोष कोणाचा नाही, जिभेला घाई असते. मात्र ठरावाच्या वेळी जो सूचक आणि जो अनुमोदक आवेशाने बोलतो, त्याने हे आधी मोजावे.

तरीही त्या विद्यापीठाच्या नामकरणात एक चांगली गोष्ट झाली. उत्तर महाराष्ट्र हे जुने नाव काढले नाही, बहिणाबाईंच्या नावानंतर तसेच ठेवले. मराठवाड्यात १९९४ ला जे झाले त्याला तर आपण शब्दच वेगळा घडवला, नामविस्तार. त्या शब्दाचे मी गोडवे गाणार नाही. ज्यांनी नामांतरासाठी मार खाल्ला त्यांतल्या अनेकांना विस्तार ही कडू तडजोड वाटली, आणि त्यांचे चुकले असे म्हणायचा मला अधिकार नाही. पण रस्त्यांच्या बाबतीत, जिथे तेवढे रक्त सांडलेले नाही, तिथे ही वाट का नको? नव्या नावाच्या पाटीखाली लहान अक्षरांत कंसात जुने नाव आणि बदलाचे साल. पालिकेत एक नोंदवही: आधीचे नाव, नवे नाव, ठरावाचा क्रमांक, कारण, आणि ज्याच्या नावाने रस्ता त्याचा या जागेशी संबंध काय. संबंध नसेल तर ‘संबंध नाही’ असे लिहावे. त्या रकान्याच्या धाकानेच निम्मे ठराव परत जातील. अपमानकारक नावांचा प्रश्न उरतो, आणि तो खरा आहे. महारवाडा भिंतीवर कंसातही नको. तो नोंदवहीत राहावा, कारण अमुक वस्तीला अमुक सालापर्यंत या गावाने काय म्हणून हाक मारली, हे गावाला विसरू देणे ही त्या वस्तीवरची मेहेरबानी नव्हे, गावावरची आहे. आणि ज्यांना नवीन नावे द्यायचीच आहेत त्यांच्यासाठी प्रत्येक शहराच्या कडेला बिनशेतीच्या प्लॉटांत शेकडो बिननावाचे रस्ते पडले आहेत. तिथे कोणी जात नाही. तिथे नाव दिले तर ते रोज चौकात दिसत नाही ना.

काहीजण म्हणतील, एवढा खटाटोप कोण वाचणार? सात-बाऱ्यावरचा कंस तरी रोज कोण वाचतो? गरज पडते त्या दिवशी एकच माणूस वाचतो आणि त्याचे घर वाचते किंवा जाते. माझ्याकडचा दावा असाच आहे. १९५३ च्या त्या खतात चतुःसीमा लिहिली आहे: पूर्वेस बोळ, पश्चिमेस विकणाऱ्याचे राहते घर, दक्षिणेस विहीर, उत्तरेस जिनाकडे जाणारा रस्ता. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीपर्यंत गावात जीन, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याचा कारखाना, कोणते हे पोरालाही कळत होते, सरकीच्या वासावरून डोळे मिटूनही तिथे पोचता यायचे. आता त्या भागातल्या तीन रस्त्यांना तीन थोर पुरुषांची नावे आहेत, जीन पाडून वर व्यापारी संकुल उभे आहे, आणि गावात एकेकाळी असे दोन जीन कारखाने होते असे विरुद्ध बाजूचे वकील म्हणतात. रस्ता हा धरला तर बोळ माझ्या अशिलाचा, तो धरला तर शेजाऱ्याचा. पालिकेत अर्ज दिला, उत्तर आले की अशी माहिती अभिलेखात आढळून येत नाही. शेवटी जिनात गठाणी बांधायला जाणारे एक आजोबा शोधून काढले आहेत, वय चौऱ्याऐंशी. कानाने कमी ऐकतात, पण कुठून वळायचे हे हाताने बरोबर दाखवतात. त्यांची साक्ष व्हायची आहे. पुढची तारीख दिवाळीनंतरची मिळाली आहे.